कोऱ्या कागदावरचा ब्रेकियल प्लेक्सस

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आले तेव्हा मला अभ्यासाची एकच रीत माहीत होती. वाचायचं, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या करायच्या, पुन्हा वाचायचं. बार्शीत दहावीपर्यंत तेवढ्यावर भागलं. इथं अ‍ॅनाटॉमीच्या पहिल्याच चाचणीत ब्रेकियल प्लेक्ससची, म्हणजे मानेतून हातात जाणाऱ्या नसांच्या जाळ्याची, आकृती आली आणि पेन जागच्या जागी थांबलं. पुस्तकातलं पान डोळ्यांपुढे होतं, कुठली ओळ पिवळी केली तेही दिसत होतं, पण कुठली फांदी कुठं जाते ते काही केल्या आठवेना. त्या रात्री फार रडले.

होस्टेलच्या एका सीनिअर ताईनं सांगितलं, "पुस्तक मिट आणि कोऱ्या कागदावर काढ. अडलीस तरी लगेच उघडू नकोस." पहिल्या दिवशी सी ५ ते टी १ हे मणक्यातून निघणारे पाच रूट, म्हणजे मुळं, आणि त्यांपासून बनणारे तीन ट्रंक जमले, पुढं सगळं कोरं. राहिलेलं पुस्तकात बघून लाल पेनानं भरलं. दुसऱ्या दिवशी नवा कागद, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं. हळूहळू पुढचे टप्पेही जमले: सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड, शेवटच्या पाच नर्व्ह, म्हणजे नसा. चौथ्या कागदावर लाल रंग जेमतेम दोन ठिकाणी होता.

२००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं होतं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हापुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानं घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे. हे शाळेतच कुणीतरी सांगायला हवं होतं.

आता रात्री आईचा फोन आला की दिवसभराचं तिला मराठीतून सांगते. आई ब्लाउज शिवते. परवा मीडियन नर्व्ह सांगत होते: मनगटातल्या अरुंद बोगद्यातून येते, अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू सांभाळते. आई मध्येच म्हणाली, "अगं, रात्री माझी हीच बोटं बधिर होतात. हात झटकत बसते. करंगळीला मात्र काही होत नाही."

मी गप्पच झाले. करंगळीची अल्नर नर्व्ह त्या बोगद्यातून जातच नाही; म्हणजे तिथं मीडियन नर्व्हच दाबली जात असावी. किती महिने झाले विचारलं, तर म्हणाली, "दिवाळीच्या शिलाईपासून." शनिवारी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे न्यायला घरी निघालेय.