दफ्तर नोंद ७ : खळ बाद, जिलेटिनच्या पट्टीने घडी जुळली

दफ्तरातलं एक जुनं पत्र दुरुस्त करतोय, त्याची फाटलेली मधली घडी अखेर जुळली, आणि शाईभोवती तपकिरी कडा उमटली नाही! तीन आठवडे सगळं काम याच पत्रापाशी अडलं होतं.

मोडीतली जुनी पत्रं काजळाच्या शाईची. ती शाई कागद खात नाही. हे पत्र मात्र माजूफळ-हिराकसाच्या शाईचं. एका ‘ठ’च्या पोटातला कागद गळून तिथे आरपार भोक पडलंय. या शाईत मोकळं लोह उरतं. कागद ओला झाला की ते पाण्याबरोबर कोऱ्या भागात सरकतं आणि तोही जळायला लागतो. म्हणून गव्हाची खळ बाद. मोकळं लोह बांधून ठेवणारं कॅल्शियम फायटेटचं स्नान दिलं असतं, पण पाठीवरचा जांभळा शिक्का पाण्याने सुटतो. अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या क्लुसेल-जी या सेल्युलोजच्या चिकटद्रव्यानेही तो पसरला.

उरलं जिलेटिन: टिश्यूवर त्याचा थर आधीच वाळवून ठेवायचा आणि लावताना जेमतेम ओलवायचा. फोटोग्राफिक, टाइप बी (अल्कलीने प्रक्रिया केलेलं). जेलीच्या पाकिटातलं अजिबात नको. ३ ग्रॅम जिलेटिन १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास फुगवून ४५ अंशांपर्यंत कोमट करायचं, उकळी येऊ द्यायची नाही. पॉलिस्टर फिल्मवर ब्रशने पातळ थर, त्यावर चौरस मीटरला ५ ग्रॅम वजनाचा कोझो टिश्यू (तुतीच्या सालीचा पातळ जपानी कागद), आणि रात्रभर वाळवण.

घात झाला तो वाळल्यावर. बडोद्याचा श्रावण, खोलीतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर. फिल्मवरून सोडवलेले टिश्यू एकावर एक ठेवले होते, चार दिवसांत त्यांची वडी झाली. सगळा घाणा वाया. आता टिश्यू फिल्मवरच राहू द्यायचा, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत, आणि लागेल तेवढीच पट्टी कापून सोडवायची.

पट्टी ओलवण्याचं गणित त्याहून नाजूक. ब्रशने पाणी लावलं की नमुन्याच्या कागदावर दर वेळी कडा उमटायची. शेवटी ताटलीत पातळ स्पंज भिजवून निथळवला, त्यावर जाड टीपकागद ठेवला आणि पट्टीची जिलेटिनची बाजू त्यावर पाच सेकंद टेकवली. नुसती चकाकी यावी, पाणी दिसता कामा नये. चिमट्याने उचलून फाटीवर ठेवायची, वर हॉलीटेक्स (न चिकटणारं पॉलिस्टरचं पातळ कापड), टीपकागद आणि अर्ध्या किलोचं वजन. पहिला टीपकागद दोन मिनिटांत बदलायचा. दुकानातून ‘आम्लरहित’ म्हणून आलेला टीपकागद पीएच पेनने तपासून घ्या. इथे रेघ पिवळी उमटली, म्हणजे आम्लच.

मोकळं लोह भेटलं की किरमिजी होणारी बाथोफेनँथ्रोलिनची चाचणीपट्टी आधी शाईवर टेकवली, तेव्हा किरमिजी झाली होती. जोड वाळल्यावर अक्षराशेजारच्या कोऱ्या जागेवर टेकवलेली चाचणीपट्टी पांढरीशुभ्र राहिली. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

पुढे या पत्राला पाठीमागून अख्खा टिश्यू लावायचं ठरलं होतं. ते रद्द. जितकी ओल कमी तितकं बरं, म्हणून घडीपुरत्या ४ मिलिमीटरच्या पट्ट्याच, आणि मग पॉलिस्टरच्या पाकिटात.

लिहिता लिहिता सुचलं: सरावासाठी फिल्टर पेपर बाथोफेनँथ्रोलिनच्या अल्कोहोल द्रावणात बुडवून वाळवायचा, त्यावर हिराकसाच्या शाईने रेघा ओढायच्या आणि त्यांच्यावर जिलेटिनची पट्टी चिकटवायची. ओल जास्त झाली तर रेघेबाहेर किरमिजी पसरेल. पाच सेकंद जास्त होतात की कमी, हे खऱ्या पत्राला हात न लावता कळेल. भोक पडलेला ‘ठ’ त्यानंतरच हाती घ्यायचा.