कराचीतली शतकं, मुंबईच्या खात्यावर

कराचीच्या नॅशनल स्टेडियमवर भारत आजवर सहा कसोटी खेळला. तीन हरला, तीन अनिर्णित, जिंकली एकही नाही. २००६ साली युवराजसिंगने तिथे शतक केलं, त्याआधी भारताच्या नावावर त्या मैदानात चार कसोटी शतकं होती आणि चारही मुंबईकरांची. गावसकरची दोन, रवी शास्त्रीचं एक, संजय मांजरेकरचं एक. दिल्ली नाही, कर्नाटक नाही, हैदराबाद नाही. अझर आणि विश्वनाथसुद्धा नाहीत.

मी क्लब क्रिकेटचा स्कोअरर. पावसाळ्यात मुंबईची कांगा लीग, एरवी ऑफिसच्या स्पर्धा. हातात पेन्सिल आणि पुढ्यात स्कोअरबुक असलं की मी कुणाशी फारसा बोलत नाही, पण घरी आल्यावर जुने धावफलक काढून बसतो. बायको म्हणते, दुसऱ्याचे हिशेब तपासायची सवय आहे तुम्हाला. असेल. कराचीचं हे गणित त्याच सवयीतून हाती लागलं. ते मैदान मी कधी पाहिलेलं नाही आणि पाहण्याची शक्यताही दिसत नाही, तरी वानखेडेखालोखाल मी ज्याचे धावफलक वाचले असतील ते हेच.

सुरुवातच आपल्या माणसापासून आहे. १९५५, विनू मांकडच्या नेतृत्वाखाली भारताचा पहिला पाकिस्तान दौरा. पाचच्या पाच कसोटी अनिर्णित. इतकी कंटाळवाणी मालिका शोधून सापडायची नाही. त्यातली पाचवी कसोटी कराचीच्या या नव्या स्टेडियमवर झाली, आणि ती इथली पहिलीच कसोटी. पाकिस्तानचा डाव १६२ धावांत आटोपला. सहा बळी घेतले गुलाबराय रामचंद यांनी, ४९ धावांत. त्यांच्या कसोटी कारकिर्दीतली ती सर्वोत्तम कामगिरी. आणि रामचंद जन्मले कुठे? कराचीत, १९२७ साली. रणजी खेळायला सुरुवात केली ती सिंधकडून. फाळणीनंतर मुंबईचे झाले, आणि मग जन्मगावात पाहुण्या संघाकडून गोलंदाजी करायला गेले. त्याच संघातले पनानमल पंजाबीही मूळचे कराचीचेच.

१९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता हे आता फारसं कुणाच्या लक्षात नसतं. कारकून, मास्तर, रेल्वेवाले असे कितीतरी मराठी लोक तिकडे नोकरीला जात. कराचीतली जुनी एन. जे. व्ही. शाळा नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाने आहे. हे ठाऊक असलं की रामचंद यांचे सहा बळी नुसते आकडे राहत नाहीत.

तेव्हा तिथे खेळपट्टीवर मॅट अंथरलेली असायची. ऑक्टोबर १९५६ मध्ये ऑस्ट्रेलिया आली आणि फझल महमूदने त्या मॅटवर सामन्यात १३ बळी घेतले. पहिल्या दिवशी ऑस्ट्रेलिया ८० धावांत गारद, मग पाकिस्तान २ बाद १५. अख्ख्या दिवसात ९५ धावा. कसोटीतल्या पूर्ण दिवसाच्या खेळात याहून कमी धावा कधी झालेल्या नाहीत. हा धावफलक वाचताना मला त्या दिवशीच्या स्कोअररची फार दया येते. बिनधावेच्या चेंडूंचे ठिपके, ठिपके आणि ठिपके. पुन्हा १९५९ च्या डिसेंबरात, तीच ऑस्ट्रेलिया, तेच मैदान: चौथ्या दिवशी पाकिस्तानच्या ५ बाद १०४. आणि नेमक्या त्या दिवशी प्रेक्षकांत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर बसलेले. बेसबॉलच्या देशातल्या माणसाला दाखवायला याहून वाईट दिवस निवडता आला नसता.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण मैदानावर गप्पांत तो हमखास येतो. हनीफ महंमदची ४९९ ही खेळी कराचीतलीच, जानेवारी १९५९ ची, पण या स्टेडियमवरची नाही. ती पारशी इन्स्टिट्यूटच्या मैदानावर झाली. आपल्या भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद ४४३ शी तिची तुलना करणारे लोक मैदानाच्या नावात चुकतात. (निंबाळकरांना प्रतिस्पर्ध्यांनी सामनाच सोडून देऊन ब्रॅडमनच्या ४५२ पर्यंत पोहोचू दिलं नाही, ही सल वेगळी.)

आता गावसकर. नोव्हेंबर १९७८. मी तिसरी-चौथीत असेन. मामा ट्रान्झिस्टर कानाला लावून गॅलरीत येरझाऱ्या घालायचा आणि धावसंख्या चाळीतल्या चारही बिऱ्हाडांना ऐकू जाईल अशी ओरडून सांगायचा. पहिल्या डावात १११, दुसऱ्यात १३७. एका कसोटीत दोन्ही डावांत शतक ही गावसकरची दुसरी खेप. पहिली १९७१ ची, पोर्ट ऑफ स्पेनची. समोर इम्रान आणि सरफराज. तरीही सामना गेला. शेवटच्या दिवशी पाकिस्तानला १६४ धावा हव्या होत्या आणि वेळ अगदी थोडा होता. आसिफ इक्बाल आणि मियांदाद एकेक-दोनदोन धावा चोरत राहिले, इम्रानने बेदीला षटकार मारले, आणि पंचवीसेक षटकांत आठ गडी राखून खेळ खलास. मामाने ट्रान्झिस्टर बंद केला आणि संध्याकाळभर कुणाशी बोलला नाही. गावसकरने दोनदा शतक करूनही आपण हरतो म्हणजे काय, हा त्याचा प्रश्न मला तेव्हा समजला नव्हता. आता धावफलक पाहिला की उत्तर दिसतं: दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं. भारताकडून दोन्ही डावांतली गावसकरखालची सर्वात मोठी धावसंख्या म्हणजे नवख्या कपिलच्या ५९.

१९८२ च्या डिसेंबरात इम्रानने दुसऱ्या डावात ६० धावांत ८ बळी घेतले आणि आपण डावाने हरलो. त्याबद्दल जितकं कमी लिहावं तितकं बरं.

त्याच मालिकेतली सहावी कसोटी पुन्हा कराचीत. मालिका केव्हाच गेलेली. भारताने काय करावं? रवी शास्त्रीला सलामीला पाठवलं. न्यूझीलंडमध्ये दहाव्या क्रमांकावर पदार्पण करणारा, मुख्यतः डावखुरा फिरकी गोलंदाज असलेला, वीस वर्षांचा माटुंग्याचा डॉन बॉस्कोवाला. त्याने १२८ केल्या. कसोटीतलं पहिलं शतक. पुढे शास्त्रीच्या, पायांवरचा चेंडू लेगला वळवण्याच्या, ‘चपाती शॉट’ची टिंगल करणाऱ्यांत मीही होतो, पण इम्रान मालिकाभर आग ओकत असताना नव्या चेंडूपुढे उभं राहणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

आणि १५ नोव्हेंबर १९८९. ही तारीख सगळ्यांना पाठ आहे. सचिन तेंडुलकर, वय १६ वर्षं २०५ दिवस. १५ धावा करून वकार युनूसच्या चेंडूवर त्रिफळाचीत. वकारचीही ती पहिलीच कसोटी. कपिलची ती शंभरावी. पहिल्याच दिवशी एक माणूस मैदानात घुसला आणि त्याने कर्णधार श्रीकांतचा शर्ट फाडला. सचिनबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी भर घालत नाही. मला त्याच धावफलकातलं दुसरं नाव खुपतं. सोलापुरात जन्मलेला, महाराष्ट्राकडून रणजी पदार्पणात हॅटट्रिक घेतलेला सलील अंकोला. त्याचंही कसोटी पदार्पण त्याच सकाळी झालं. दोन बळी घेतले, आणि पुन्हा कसोटी खेळला नाही. एकाच दिवशी, एकाच ड्रेसिंग रूममधून दोन मराठी मुलं पहिल्यांदा बाहेर आली; एक २०० कसोटी खेळला, एक १. धावफलकात दोघांच्या नावांचा टाइप सारखाच.

तो सामना वाचवला मांजरेकरने. दुसऱ्या डावात नाबाद ११३. वडील विजय मांजरेकर १९५५ च्या दौऱ्यातले, मुलगा ३४ वर्षांनी त्याच मैदानावर दिवसभर उभा. संजय आता समालोचनात काही बोलला की लोक चिडतात. चिडा खुशाल. पण समोर इम्रान, वासिम, वकार आणि अब्दुल कादिर, आणि याचं तंत्र मात्र पुस्तकातल्या चित्रासारखं. तशी पाठ केल्यासारखी शिस्त मुंबईच्या मैदानांत दर पिढीत एखाद्याकडे यायची, आणि कराचीत ती लागायची. माझा अंदाज असा: पाटा खेळपट्टी, जुना झाल्यावर उलटा वळणारा चेंडू आणि वेळ काढण्याची गरज. कांगा लीगच्या चिखलात ‘उभा राहा, मारू नकोस’ ऐकत वाढलेल्यांना हे दुखणं परकं नव्हतं. सेहवागसारख्याला तिथे बसवून ठेवून बघा.

पाकिस्तानी लोकांना या मैदानाचा अभिमान वाटतो तो वेगळ्या कारणाने. १९५५ पासून २००० पर्यंत ३४ कसोटी, आणि पाकिस्तानचा पराभव नाही. त्याला ते बालेकिल्ला म्हणतात. स्कोअररच्या नजरेने पाहिलं तर त्यातल्या जवळपास निम्म्या अनिर्णित आहेत, म्हणजे किल्ला लढवला कमी आणि दरवाजा लावून घेतला जास्त. एकदा तर तो जवळजवळ पडलाच होता. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३१४ चं लक्ष्य, शेवटची जोडी इंझमाम आणि मुश्ताक, ५७ धावा हव्यात. वॉर्नच्या चेंडूवर इंझमाम पुढे सरसावला, चुकला, यष्टिचीत व्हायला हवा होता. यष्टिरक्षक हीलीच्याही हातून चेंडू निसटला आणि अवांतर चार धावा मिळून पाकिस्तानने सामना जिंकला. विजयी धावा कुठल्याच फलंदाजाच्या खात्यात नाहीत. असं काही लिहायला मिळावं म्हणून आम्ही स्कोअरर जगतो.

शेवटी डिसेंबर २००० मध्ये इंग्लंडने किल्ला फोडला, तोही जवळजवळ अंधारात. पाकिस्तानचा कर्णधार मोईन खान वेळकाढूपणा करत होता, पंच स्टीव बकनर खेळ थांबवायला तयार नव्हते, ग्रॅहॅम थॉर्प नाबाद ६४.

२००६ ला इरफान पठाणने पहिल्याच षटकात हॅटट्रिक घेतली, पाकिस्तान शून्यावर तीन बाद, पुढे ३९ ला सहा. आणि भारत हरला ३४१ धावांनी! गावसकरसारखंच. कराची भारताला विक्रम देते, सामना देत नाही. अपवाद वनडेचा: मार्च २००४, आपण ३४९, त्यांच्या ३४४, शेवटच्या चेंडूवर सहा हव्यात, नेहराचा फुलटॉस, मोईनचा उंच फटका आणि झेल घेणारा श्रीरामपूरचा झहीर खान.

फेब्रुवारी २००९ मध्ये श्रीलंकेच्या जयवर्धने आणि समरवीरा यांनी तिथे चौथ्या गड्यासाठी ४३७ जोडल्या, उत्तरादाखल युनूस खानने ३१३ केल्या. पुढच्या आठवड्यात लाहोरमध्ये त्याच श्रीलंकेच्या बसवर गोळीबार झाला, समरवीराच्या मांडीत गोळी लागली, आणि कराचीत पुढची कसोटी झाली ती थेट डिसेंबर २०१९ मध्ये. आता स्टेडियमचं नावही बदललंय. २०२२ मध्ये त्याला नॅशनल बँक क्रिकेट अरेना नाव दिलं. मी म्हणणार नाही. मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमलाही लोक सीसीआयच म्हणतात.

२०२५ च्या चॅम्पियन्स करंडकाचा पहिला सामना तिथे झाला, पण भारताचे सगळे सामने दुबईत. त्यामुळे मुंबईच्या खात्यावर चार शतकं, हा आकडा इतक्यात हलत नाही.

माझं एक काम मात्र अडलंय. रामचंद यांच्या त्या सहा बळींचं वर्णन मला मराठी वर्तमानपत्रात वाचायचंय. फेब्रुवारी-मार्च १९५५ ची कात्रणं कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत असतील तर कळवा. फोटो चालेल, अक्षरं पुसट असली तरी चालतील, मला लावता येतात.