बापाला सोडून परक्याच्या मागे

त्या सकाळी पायात निळं कडं असलेलं पिल्लू बापाकडे ढुंकूनही बघत नव्हतं. बाप समोरच्या लाकडी ठोकळ्यावर बसून खळग्यांवरची झाकणं चोचीनं सारत होता आणि खालचे राळ्याचे दाणे टिपत होता. ही युक्ती त्याला नुकतीच जमली होती. पिल्लू मात्र पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, भलत्याच कुटुंबातल्या एका नराच्या मागेमागे. तो नर झाकण उचलायचा तेव्हा हे अगदी त्याच्या अंगाला लागून, मान वाकडी करून बघायचं. आणि थोड्या वेळानं स्वतः उचललं की!

मी स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठात झेब्रा फिंच पक्ष्यांवर काम करते. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या गवताळ मुलखातला हा पक्षी वजनाला जेमतेम 12 ग्रॅम; आपल्याकडेही हौशी लोक पाळतात. मेंदूच्या अभ्यासात त्याचं महत्त्व गाण्यामुळे आहे. ते नराला उपजत येत नाही. साधारण 25 व्या दिवसापासून तो मोठ्या नराचं, बहुधा बापाचंच, गाणं ऐकून ठेवतो, मग बरेच दिवस अडखळत घोटतो आणि 90 व्या दिवसाच्या सुमारास ते पक्कं होतं. पुढे जन्मभर तेच. मादी गात नाही, पण ऐकून निवड तीच करते.

अडचण अशी की गाण्यासाठी लागणारी मेंदूतली केंद्रं घडतात ती याच कोवळ्या आठवड्यांत. नेमक्या त्याच दिवसांत अन्न कमी पडलं, घरट्यात भावंडांची गर्दी झाली, तर झळ त्यांना बसणार, हा अंदाज पक्ष्यांच्या गाण्याचे अभ्यासक स्टीफन नोविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये मांडला. पुढे 2002 मध्ये त्यांनी स्वॅम्प स्पॅरो या गाणाऱ्या पक्ष्याची पिल्लं हातानं वाढवून तो तपासला. अर्धपोटी वाढलेल्यांची एचव्हीसी आणि आरए ही मेंदूतली गाण्याची केंद्रं लहान राहिली, आणि ऐकलेल्या गाण्याची नक्कलही कच्ची उतरली. झेब्रा फिंचमध्येही 2004 मध्ये एचव्हीसी आखडलेलं दिसलं. तिथे तर उपासमारीऐवजी नुसतं ताणाचं संप्रेरक, कॉर्टिकोस्टेरॉन, दिलं तरी तोच परिणाम झाला.

आमचा प्रयोग याच वाटेवरचा. घरट्यातल्या काही पिल्लांना कॉर्टिकोस्टेरॉन मिसळलेलं शेंगदाण्याचं तेल, बाकीच्यांना नुसतं तेल. थेंब इवलासा, पण आ वासलेल्या चोचीत तो सोडताना माझा जीव कधीच स्वस्थ नसतो. इथे प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठीच्या 1986 च्या कायद्यानुसार परवाना घेतल्याशिवाय अशा कामाला हात लावता येत नाही. मात्राही अशी ठेवतात की रक्तातलं प्रमाण खऱ्याखुऱ्या ताणात वाढतं तेवढंच वाढावं. हे बंधन हवंच, असं मला मनापासून वाटतं. मुक्या जिवाचं बालपण आपण बदलतो आहोत. उत्तर तितक्या मोलाचं असलं पाहिजे.

कुठल्या पिल्लाला काय मिळालं हे बघणाऱ्याला माहीत नसतं. माझ्याकडे फक्त कड्यांचे रंग होते. तरी निळ्याला बघताना मला एक जुना निष्कर्ष सारखा आठवत होता. पक्ष्यांवरच्या ताणाच्या अभ्यासक कॅरेन स्पेन्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखवलं होतं की ताणाशिवाय वाढलेली पिल्लं नवी युक्ती आईबापांकडून उचलतात, तर संप्रेरक मिळालेली पिल्लं आईबापांना टाळून नात्यात नसलेल्या मोठ्या पक्ष्यांकडून. वाचताना ते मला पटलं होतं. डोळ्यांसमोर घडताना मात्र अंगावर काटा आला. बाप हाकेच्या अंतरावर आहे, त्याला जमतंय, तो कुणाला हाकलतही नाही; आणि अजून चोचीचा काळा रंग न गेलेलं पोर परक्याच्या शाळेत जाऊन बसलंय.

दुपारी चहाला एक सहकारी म्हणाला, “बिचारं, बिघडलंय.” मी तिथेच वाद घातला. बिघडलेलं पिल्लू झाकण उघडायला शिकलंच नसतं. हे शिकलं, फक्त गुरू बदलून. घरट्यातले दिवस वाईट गेले तर ‘आपल्या आईबापांना इथलं जगणं नीट जमलेलं दिसत नाही, दुसऱ्या कुणाचं बघावं’ हा हिशेब रानात जीव वाचवू शकतो. पिल्लू मनाशी असा विचार करतं असं मी म्हणत नाही. पण ताण फक्त मोडतो, असं मानून बसलं तर मेंदू त्या ताणातून जी वाट काढतो ती आपल्याला दिसणारच नाही. अर्थात लहान राहिलेलं एचव्हीसीही तितकंच खरं आहे. ताणाखाली वाढलेल्या नरांची गाणी आखूड आणि साधी निघाल्याची, माद्यांनी ती कमी पसंत केल्याची नोंद आहे. वाट काढली म्हणून किंमत चुकत नाही.

सगळ्या चित्रफितींची मोजणी संपल्यावर यादी उघडली. निळं संप्रेरकवाल्या गटातलंच होतं. पण त्याच घरट्यातलं, तेच तेल प्यायलेलं पिवळ्या कड्याचं भावंड मात्र बापाच्याच ठोकळ्यावर शिकलं होतं. एका पिल्लावरून काही सिद्ध होत नाही, आणि दोघांवरूनही नाही. तरी या दोघांमधला फरक मला त्या दिवसापासून सोडत नाही.

दोघंही नर आहेत. सध्या त्यांच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण चाललं आहे. निळ्यानं गाणंही त्या परक्या नराचंच उचललं का, हे आता ध्वनिआलेख शेजारी-शेजारी ठेवून तपासायचं आहे.