हत्ती करायला घेतला, गवा झाला (आठवडा तिसरा)

मंडळी, मागे सांगितलेला तो रद्दी पेपर आणि मैद्याच्या खळीनं पोरांबरोबर करायला घेतलेला हत्ती आता हत्ती राहिलेला नाही. सोंड पडली. चूक माझीच, आत नुसते कागदाचे बोळे कोंबलेले, काठी घातलीच नव्हती, आणि जुलैतला आमचा बेळगावातल्या शहापूरचा पाऊस म्हणजे डब्यातले पापड पण सादळतात, त्यात ओल्या खळीचं वजन, सकाळी उठून बघते तर सोंड जमिनीला आणि धाकटी (साडेतीन वर्षं) एकदम शांतपणे म्हणते, "हत्ती पाणी पिऊलाय."

मग थोरल्यानंच तोडगा काढला, शिंगं लावूया, गवा करूया. त्याचं आजोळ खानापूरकडं, भातात गवे शिरतात म्हणून मामा रात्री राखणीला जातो हे त्यानं ऐकलेलं, बघितला मात्र एकदाही नाही. मला बरंच झालं. हत्तीसाठी केलेली जाडजूड छाती आयती उपयोगी पडली, आणि खोका नीट न बसल्यामुळं पाठीवर जो उंचवटा आलेला तो गव्याला असतोच की, खांद्यापासनं पाठीच्या मध्यापर्यंत. झाकली मूठ!

लांबी शेपटी सोडून सव्वाचार फूट. एवढं मोठं कशाला म्हणून घरचे ओरडतात, पण लहान पोरांना घेऊन करायचं तर मोठंच सोपं पडतं हो, छोट्या वस्तूला चार पोरं एकदम भिडली की मारामारी, इथं एकाला पोट, एकाला पाय, एकाला ढुंगण. मधे टीव्हीचा खोका, पायाला कापडाच्या ताग्यातल्या पुठ्ठ्याच्या नळ्या. आमच्या शहापूर-वडगावात साड्यांची दुकानं माप, मागितल्या की फुकट देतात.

खळ नेहमीचीच, १ वाटी मैदा ५ वाट्या पाणी, आधी गार पाण्यात गुठळ्या मोडून मग गॅसवर, चकाकी आली की बंद, १ चमचा मीठ. आमची आजी रद्दीच्या लगद्याच्या पाट्या करायची त्यात मेथ्या भिजवून वाटून घालायची, तसं यावेळी २ चमचे घातले, चिकटपणा मस्त आला, घरभर वास लाडवाचा. जुनी माणसं कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद टाकायची, ते पोरांच्या कामात अजिबात नको, विष आहे ते, आणि आमची धाकटी खळीचं बोट चाटतेच चाटते.

आता या आठवड्यातली खरी कमाई. पोरांबरोबर थराचा हिशेब राहतच नाही, एका जागी सात पट्ट्या आणि शेजारी पुठ्ठा उघडा. तर शेजारच्या अज्जींकडनं कन्नड पेपरची रद्दी आणली आणि एक दिवस आमचा तरुण भारत, दुसऱ्या दिवशी त्यांचा कन्नड पेपर असं सुरू केलं. पोरांना वाचता येत नाही पण डोक्यावर रेघ असलेली अक्षरं कुठली आणि गोल गोल कुठली हे साडेतीन वर्षांच्या पोरीला पण कळतं. "रेघ दिसूलाय, रेघ दिसूलाय" करत तीच आता उरलेल्या जागा शोधते, बोट ठेवते, पट्टी चिकटवते, आणि तळहातानं असं थोपटते जसं काय बाळाला झोपवूलाय. मला मागनं फिरून बघायचं कामच राहिलं नाही. अज्जी बघायला आल्या, मण्णेत्तिन अमावास्येला मातीचे बैल करायचे सोडून हे कसलं काडुकोण (कानडीत गवा) म्हणून हसल्या, झालं, तेव्हापासनं त्याचं नाव काडुकोणच.

पट्ट्या फाडताना पेपर उभा धरून वरनं खाली फाडा, सरळ फाटतो, आडवा फाडला की वेडावाकडा जातो. पुरवण्यांचा गुळगुळीत कागद घेऊ नका, खळ पीत नाही.

घाई मात्र नडली. दुसऱ्या आठवड्यात एकाच दिवशी ३ थर चढवलेले, वरनं कडक, आत ओलं, चौथ्या दिवशी पोटाला काळे ठिपके आणि कुबट वास. वीतभर पोट कापून टाकलं, तोंडाला फडकं बांधून, पोरांना बाहेर काढून. आता दिवसाला एकच थर, खाली दोन पाट ठेवून फॅन. थर ५ झालेत, एक बाकी.

रंगाचं भांडण वेगळंच. थोरल्याला काळा पाहिजे, पण काळा म्हणजे थोराड नर, माद्या आणि पिल्लं तपकिरी, आणि घरात तुळशीकट्ट्याचा गेरू उरलाय, म्हणून गवी करायची ठरलीय. पायातले पांढरे मोजे धाकटी रंगवणार, त्यात तडजोड नाही.

शिंगांसाठी पेपरच्या सुरळ्या खळीत भिजवून कळशीच्या पोटाभोवती वाकवून बांधल्यात, आत यावेळी तार घातलीय. वाळायला रविवार उजाडणार, तोवर कळशीला हात लावायचा नाही असं थोरल्यानं आजोबांना बजावलंय.