ड्रेफस लघुमालिका: दुसऱ्या अंकापर्यंतची प्रगती

1894मध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून दोषी ठरलेल्या फ्रेंच कॅप्टन ड्रेफसवरच्या या कॉमिक्स मालिकेचा आराखडा तोच आहे: चार अंक, प्रत्येकी 24 पानं आणि वर कव्हर. पिनाबंद बांधणीत पानांची संख्या चारच्या पटीत लागते, म्हणून 22 किंवा 26 चालत नाहीत. पहिल्या अंकाचं इंकिंग (पेन्सिलवर शाई फिरवणं) संपलंय, लेटरिंग (संवादांची अक्षरं) सुरू आहे. दुसऱ्याची पेन्सिल पूर्ण झालीय. छापील पान 17 × 24 सेंमी, मूळ चित्र दीडपट, म्हणजे ए-थ्री ब्रिस्टल या जाड चित्रकागदावर 25.5 × 36 सेंमी. ब्लीडही (पान कापताना जाणारा कडेबाहेरचा भाग) त्याच प्रमाणात वाढवायचा: छपाईत 3 मिमी, तर कागदावर साडेचार.

ड्रेफस म्हटलं की चित्रकाराचा हात आधी त्याला कैदेत ठेवलेल्या डेव्हिल्स आयलंड या बेटाकडे वळतो. पण या कॅप्टनचा घात बेटावर झाला नाही. तो पॅरिसमध्ये, लष्करी कचेरीतल्या टेबलांवर, कागदांनी झाला. त्यामुळे या मालिकेत कागद हेच मुख्य पात्र, आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच द्यायला हवा.

ड्रेफसच्या माथी मारलेलं 1894चं ते पत्रक पातळ, चौकटीच्या कागदावर लिहिलेलं आणि फाडलेलं होतं. हेरखात्याने तुकडे चिकटवून ते जोडलं. काढताना फाटलेल्या कडा कात्रीने कापल्यासारख्या सरळ आल्या की पॅनल खोटं वाटतं. अक्षरं जोडावर किंचित सरकलेली हवीत.

खरी कसोटी दुसऱ्या अंकातल्या बनावट पत्राची आहे. हेरखात्यातल्या मेजर आंरीने ड्रेफसविरुद्ध पुरावा म्हणून 1896मध्ये दोन वेगळ्या पत्रांचे भाग जोडून ते तयार केलं. ऑगस्ट 1898मध्ये कॅप्टन क्विन्येने दिव्याच्या उजेडात ते पाहिलं, तेव्हा वरच्या-खालच्या भागातल्या चौकटींच्या रेघा निळसर करड्या आणि मधल्या भागातल्या वाइनच्या रंगाच्या निघाल्या. पूर्ण पत्र दाखवलं तर वाचकाला हा फरक दिसणारच नाही. म्हणून अर्धं पान घेऊन फक्त जोडावरचे सहा-आठ चौकोन मोठे काढलेत. रेघ अर्ध्या पॉइंटपेक्षा बारीक नको. फिकट मिश्र रंगाची बारीक रेघ छपाईत ठिपक्यांमध्ये तुटते. दुसरी अडचण दिव्याची. पिवळा थर सगळ्या पॅनलवर मल्टिप्लाय केला (खालच्या रंगांत मिसळला) की निळी रेघ हिरवट आणि वाइनची तपकिरी होते, आणि पुरावाच पुसला जातो. रेघा वेगळ्या लेयरवर ठेवून त्यांच्यावरचा पिवळा मास्क करायचा, म्हणजे तेवढ्या जागी तो झाकायचा. प्रूफ छपाईच्याच कागदावर काढा. अनकोटेड (बिनलेपाचा) कागद शाई पितो आणि दोन्ही छटा जवळ येतात.

5 जानेवारी 1895ची पदच्युती पहिल्या अंकात चार पानं घेते. पॅरिसच्या एकोल मिलितेर या लष्करी शाळेच्या प्रांगणात ड्रेफसची पदचिन्हं उपटली आणि तलवार मोडली. सगळं झटक्यात व्हावं म्हणून टाके आधीच उसवले होते आणि पातं आधीच कापून कमकुवत केलं होतं. म्हणून मोडलेलं टोक दातेरी काढू नका, सरळ काढा. आणि पँटवरच्या लाल पट्टीजवळ कापड फाटलेलं नको, नुसते लोंबणारे दोरे पुरेत. इतिहास माहीत नसलेल्या वाचकालाही तयारी आधीच झाली होती हे त्यातून कळतं, वेगळं कॅप्शन लागत नाही.

बेटासाठी एकच नियम पाळलाय. 1896मध्ये झोपडीभोवती कुंपण उभारून ड्रेफसला समुद्र दिसेनासा केला गेला. त्याआधीच्या प्रत्येक पॅनलमध्ये क्षितिजाची रेघ आहे, नंतरच्या एकाही पॅनलमध्ये नाही.

लेटरिंगसाठी छापील 9 पॉइंट, ओळींमधलं अंतर 135 ते 140 टक्के. त्याखाली गेलं की वरच्या ओळीतला उकार खालच्या रफाराला धडकतो. संवादांचे बलून रोमन लिपीपेक्षा उंच लागतात, तेव्हा थंबनेलमध्येच (पानाच्या छोट्या कच्च्या रेखाटनात) जागा सोडा. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सेटिंग) निवडला नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं सुटतात. ओरडण्यासाठी कॅपिटल अक्षरं आपल्याकडे नाहीत. जाड वजन आणि दीडपट आकार यांवर काम भागतं.

तिसरा अंक म्हणजे रेन शहरातला ड्रेफसचा दुसरा खटला, ऑगस्ट-सप्टेंबर 1899. सात न्यायाधीश, पाच विरुद्ध दोन, पुन्हा दोषी. सातही गणवेशात असल्याने मिशा आणि बसण्याची ढब वेगळी ठेवली नाही तर कोण कोण ते कळत नाही. मॉडेल शीट (प्रत्येकाच्या चेहऱ्याचा आणि ढबीचा नमुना) आधी करतोय.

चौथ्या अंकाचा शेवट जुलै 1906च्या पदक समारंभावर करायचा नाही, हे ठरलंय. निर्दोष ठरवून ड्रेफसला मेजर केलं, पण तुरुंगातली वर्षं सेवाज्येष्ठतेत पूर्ण धरली नाहीत, आणि 1907मध्ये त्याने निवृत्ती घेतली. समारंभाला दोन पानं आणि निवृत्तीच्या अर्जाला तीन, अशी वाटणी सध्या थंबनेलमध्ये आहे.