‘शासनास विनंती करण्यात यावी’, पण नेमकी कशाची?

महापालिकेच्या सभेत अधिकारांचा विषय निघाला की ठराव बहुतेक ठरलेल्या साच्यातच येतो: ७४व्या घटनादुरुस्तीप्रमाणे महापालिकेस पूर्ण स्वायत्तता मिळावी, अशी शासनास विनंती करण्यात यावी. सूचक मिळतो, अनुमोदक मिळतो, बाकं वाजतात, विषय मंजूर. प्रत मुंबईला नगरविकास विभागाकडे जाते आणि फायलीला लागते. कोणता अधिकार, कोणत्या कलमातला, त्यासाठी माणसं किती आणि पैसा कुठून, यातलं काहीच ठरावात नसेल तर तिकडून उत्तर तरी कशाचं येणार?

कोल्हापूरसाठी हा विषय आत्ताच नीट बोलायला हवा. इथली नगरपालिका १८५४ सालची, महापालिका १५ डिसेंबर १९७२ पासूनची. मागच्या सभागृहाची मुदत १५ नोव्हेंबर २०२० ला संपली आणि पुढचं मतदान थेट १५ जानेवारी २०२६ ला झालं. मधली पाच वर्षं प्रशासकाची. मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे असं घटनेचं कलम २४३-यू सांगतं, तरीही हे घडलं. एका अख्ख्या सभागृहाचा काळ शहरानं नगरसेवकांशिवाय काढला. आता २० प्रभागांतून ८१ जण निवडून आलेत. त्यांनी स्वायत्ततेच्या मागे लागावं का, तर जरूर लागावं. पण आधी हातात काय आहे ते मोजावं.

शहरांच्या स्थानिक स्वराज्य संस्थांना घटनेत स्थान देणारी ही घटनादुरुस्ती लागू झाली १ जून १९९३ ला. बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत: नगररचना, पाणी, रस्ते, अग्निशमन, झोपडपट्टी सुधारणा, स्मशानभूमी वगैरे. लोक म्हणतात, हे अधिकार घटनेनं दिलेत, राज्यानं अडवून ठेवलेत. हे अर्धंच खरं आहे. कलम २४३-डब्ल्यू म्हणतं की राज्याचं विधिमंडळ कायदा करून हे अधिकार ‘देऊ शकेल’. निवडणुकीची सक्ती आहे, आरक्षणाची सक्ती आहे, अधिकार देण्याची मात्र नाही. म्हणून नुसतं ७४व्या दुरुस्तीचं नाव घेऊन काही हलत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातलं नेमकं कलम दाखवावं लागतं.

त्या अधिनियमाचं कलम ६७ सगळ्यात महत्त्वाचं. कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे, आणि आयुक्त नेमणार राज्य शासन. महापौर सभा चालवतात, कामाचा आदेश काढत नाहीत. आयुक्तांना परत बोलवायला भाग पाडण्याची सोय कलम ३६ मध्ये आहे. त्यासाठी एकूण नगरसेवकांच्या पाच अष्टमांश मतं लागतात, म्हणजे ८१ पैकी ५१. एवढी मतं जमली तरी पुढचे आयुक्त मुंबईतूनच येणार.

अधिकाराची वाटणी प्रत्यक्षात कशी असते ते पुराच्या वेळी सगळ्यात स्पष्ट दिसतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही पुढे गेलं. पातळी मोजतं जलसंपदा खातं. निळी आणि लाल पूररेषा आखतं तेच खातं. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या दोन रेषांच्या मधे घर बांधायचं तर जोतं किती उंच हवं, हा नियम राज्याचा. डिसेंबर २०२० पासून जवळपास सगळ्या राज्याला एकच एकत्रीकृत बांधकाम नियमावली आहे. परवान्यावर सही मात्र महापालिकेच्या नगररचना विभागाची. आणि पाणी जयंती नाल्यातून उलटं आत शिरलं की सुतारवाड्यातल्या लोकांना हलवायचं, बोट आणायची, पाणी उतरल्यावर गाळ काढायचा, औषध फवारायचं, हे सगळं महापालिकेच्या अग्निशमन आणि आरोग्य विभागाच्या गळ्यात. नियम एकाचा, रेषा दुसऱ्याची, निस्तरायचं तिसऱ्यानं.

इथे ठराव कसा हवा? माझ्या मते असा: निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात राज्याच्या नियमापेक्षा कडक अट घालायची असेल, तर त्यासाठी दर वेळी नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली शासनाची मंजुरी घ्यावी लागू नये. नियम सैल करायचा अधिकार मागूच नये, फक्त कडक करायचा मागावा. कोल्हापुरात ‘ढपला’, म्हणजे कामात मारलेला वरकमाईचा हात, हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सभागृहाला जादा अधिकार म्हटलं की लोकांच्या मनात पहिला तोच येतो, आणि ही भीती खोटी नाही. एका दिशेनंच चालणारा अधिकार मागितला तर लोकही पाठीशी राहतात आणि मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्यालाही नाही म्हणायला कारण उरत नाही.

पैशाचं थोडक्यात सांगतो. जकात गेली, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, १ ऑगस्ट २०१५ ला बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटीही गेला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटीची भरपाई सुरू झाली. भरपाईचं सूत्र कायद्यात आहे: २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ. या हिशेबानं रक्कम ९ वर्षांत दुप्पट होते. चांगली गोष्ट आहे, पण तो दर ना महापौर बदलू शकतात ना आयुक्त. शहराच्या हातात उरतो मुख्यतः घरफाळा (म्हणजे घरपट्टी), पाणीपट्टी आणि विकास शुल्क. घरफाळ्याचा दर पुढच्या वर्षासाठी २० फेब्रुवारीच्या आत ठरवावा लागतो. ती तारीख वादावादीत निघून गेली की वर्षभर हात बांधलेले. नोकरभरतीचंही तसंच. आकृतिबंधाला, म्हणजे कोणत्या खात्यात पदं किती याच्या आराखड्याला, शासनाची मंजुरी लागते आणि आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट आडवी येते. म्हणून नवं खातं मागताना त्याच ठरावात पदं किती, पगार कुठल्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या सदरातून), हे लिहिलं नाही तर ते खातं कागदावरच राहतं.

आता हद्दवाढ. १९७२ पासून शहराची हद्द तीच आहे, ६६.८२ चौरस किलोमीटर. भोवतीच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये विकास प्राधिकरण नेमलं, हद्द जागची हलली नाही. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३ प्रमाणे हद्द बदलते राज्य शासन, महापालिकेशी विचारविनिमय करून आणि आधी अधिसूचना काढून हरकती मागवून. गावांच्या विरोधाला शहरातले लोक फाळा चुकवायचा हट्ट समजतात. केएमटीची बस आमची, दवाखाने आमचे, मग हद्दीत यायला काय हरकत, हा शहराचा सवाल. सवालात तथ्य आहे. पण गावाच्या बाजूनं बघा. उचगावच्या किंवा पाचगावच्या मतदाराला वर्षातून किमान चार ग्रामसभा आहेत. तिथे उभं राहून तो सरपंचाला तोंडावर विचारू शकतो की गटारीचे पैसे कुठे गेले. राजारामपुरीतल्या मतदाराला अशी जागाच नाही. तो फार तर नगरसेवकाच्या दारात जातो, आणि मधली पाच वर्षं तर तेही दार नव्हतं. गाव शहरात आलं म्हणजे त्या माणसाचं स्वराज्य कमी झालं. हे जोपर्यंत बदलत नाही तोपर्यंत हद्दवाढीचा ठराव कितीदाही करा, गावं बंद पाळतच राहणार.

आणि हे बदलायला नवा कायदा लागत नाही. २००९ पासून महानगरपालिका अधिनियमात क्षेत्र सभेची तरतूद आहे. लागून असलेल्या काही मतदान केंद्रांचे सगळे मतदार मिळून एक क्षेत्र सभा, म्हणजे शहरातली ग्रामसभाच. त्या भागातली कामं सुचवणं, त्यांचा अग्रक्रम लावणं, दिवाबत्ती आणि नळकोंडाळी कुठे हवीत ते सांगणं हे तिचं काम. अडचण एकच मोठी आहे: तरतुदीत नगरसेवक अध्यक्ष धरलाय, आणि आपल्याकडे बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक आहेत. मग क्षेत्रं चौघांत वाटून घ्या, किंवा अध्यक्षपद फिरतं ठेवा, पण ते पहिल्याच ठरावात ठरवा. नाहीतर सभा कुणी बोलवायची यातच अडीच वर्षं जातील आणि महापौर बदलतील.

तिच्या वर प्रभाग समिती. कलम २९-अ प्रमाणे अंदाजपत्रकात तरतूद असेल तर ५ लाखांपर्यंतच्या कामाला ही समिती प्रशासकीय आणि आर्थिक मंजुरी देऊ शकते. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट ही चार विभागीय कार्यालयं आहेतच. पेव्हर ब्लॉक, चेंबरची झाकणं, कूपनलिकेची दुरुस्ती एवढ्यासाठी फाईल मुख्य इमारतीत न्यायला नको. फक्त ‘तरतूद असेल तर’ ही अट विसरू नका. अंदाजपत्रकात विभागवार रक्कम स्वतंत्र लेखाशीर्षाखाली दाखवली नाही तर समितीचा अधिकार शून्य. ती रक्कम दाखवायला लावण्याची वेळ म्हणजे स्थायी समितीतली अंदाजपत्रकाची चर्चा. सर्वसाधारण सभेत उपसूचना (प्रस्तावातला बदल) द्यायची तर ती आकडे आणि लेखाशीर्षासह लेखी द्यावी. तोंडी दिलेली उपसूचना इतिवृत्तात ‘चर्चेअंती मंजूर’ एवढ्या दोन शब्दांत जिरते.

शेवटी, मंजूर ठराव टिकवायचा कसा हेही बघा. ऐनवेळच्या विषयात असला ठराव घेऊ नये. विषयपत्रिकेवर, कार्यालयीन अभिप्रायासह घ्यावा. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होताना शब्द न् शब्द वाचून बघावा. तरी कलम ४५१ खाली शासन तो निलंबित करू शकतं, आणि पुढे विखंडित, म्हणजे रद्दही. निलंबनाच्या आदेशानंतर अभिवेदन (आपलं लेखी म्हणणं) पाठवायला ३० दिवस मिळतात. शासनानंच नेमलेल्या आयुक्तांच्या प्रशासनावर हे उत्तर सोडलं तर महिना निघून जातो. म्हणून मूळ ठरावातच शेवटचं वाक्य घालावं: शासनानं ठराव निलंबित केल्यास महापौर सात दिवसांत विशेष सभा बोलावतील आणि सभागृहाचं अभिवेदन नगरसचिवांच्या सहीनं मुदतीत रवाना होईल.