प्रॉक्सी क्लायंट ओपन सोर्स आहे, ठीक, पण कॉन्फिग वाचली का?

कुणी प्रॉक्सी क्लायंट कुठला घेऊ विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, ओपन सोर्स घे, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो असा. मीसुद्धा हेच सांगतो आणि सांगत राहणार, कारण हा प्रोग्राम तुमच्या मशीनवरचा सगळा ट्रॅफिक स्वतःकडे घेऊन पुढे पाठवतो, आणि त्याच्या आत काय चाललंय ते कुणालाच बघता येत नसेल तर ती प्रायव्हसी नुसती ऐकीव. पण बरेच जण तेवढ्यावरच थांबतात. गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, आहे ना, मग झालं. नाही हो, तिथून तर सुरुवात होते.

क्लॅश फॉर विंडोज या प्रॉक्सी क्लायंटचंच घ्या. कितीतरी लोक ते ओपन सोर्स समजून वापरत होते, कारण गिटहबवर रेपो, म्हणजे प्रोजेक्टचं फोल्डर, होता, स्टार होते, इश्यू होते. पण त्या रेपोत सोर्स नव्हताच, फक्त रिलीजच्या तयार फाइली. ते ज्यावर बेतलेलं होतं ते क्लॅश कोअर, म्हणजे मुख्य इंजिन, जीपीएल लायसन्सखाली खुलं होतं, वरचं ॲप बंद. नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन्ही रेपो पाठोपाठ गायब झाले आणि मग फरक दिसला, कोअरचा फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून काढलेली वेगळी आवृत्ती, आधीपासून होता आणि तो आज मिहोमो नावाने जोरात चालू आहे, ॲपचा सोर्सच कुणाकडे नाही तर पुढे नेणार काय.

आणि सोर्स खरंच खुला असला तरी तुम्ही डाउनलोड केलेली फाइल त्याच सोर्समधून आलीय कशावरून? एक्सझेड या फाइली कॉम्प्रेस करणाऱ्या प्रोग्रामचं मार्च २०२४ मधलं प्रकरण आठवत असेल, ५.६.० आणि ५.६.१ या दोन व्हर्जनच्या टारबॉलमध्ये, म्हणजे रिलीजच्या सोर्सच्या गठ्ठ्यात, बॅकडोअर (चोरदार) चालू करणारा तुकडा घुसवलेला होता, आणि गिटमध्ये, म्हणजे मूळ कोड ठेवतात तिथे, बघाल तर तो तुकडा तिथे नाहीच. त्यामुळे फोनवर मी शक्यतो एफ-ड्रॉइड या ॲप स्टोअरवरून घेतो, तिथे ॲप सोर्समधून बिल्ड होतात. डेस्कटॉपवर प्रोजेक्टच्या स्वतःच्या रिलीज पेजवरूनच, आणि फाइलची डिजिटल सही दिलेली असेल तर ती तपासून.

आता खरा मुद्दा. कोडवर इतकं बोलतो आपण, पण कॉन्फिग, म्हणजे क्लायंटने काय करायचं ते सांगणारी सेटिंगची फाइल? बहुतेक जण सर्व्हर देणाऱ्याकडून मिळालेली सबस्क्रिप्शन लिंक पेस्ट करतात, अपडेट दाबतात, कनेक्ट. त्या लिंकमधून फक्त सर्व्हरची यादी येते असं वाटतं, पण क्लॅशच्या पद्धतीच्या क्लायंटमध्ये नियम येतात, डीएनएस सर्व्हर (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारे) येतात, कुठली साइट प्रॉक्सीतून जाणार आणि कुठली थेट हेसुद्धा येतं. म्हणजे लिंक देणाऱ्याने उद्या एखाद्या डोमेनपुढे डायरेक्ट लिहिलं तर ती साइट तुमच्या खऱ्या आयपीवरून उघडणार, आणि क्लायंटचा कोड कितीही स्वच्छ असला तरी तो सांगितलेलं कामच करतोय. क्लॅश फॉर विंडोजमध्ये तर २०२२ मध्ये असा बग सापडला होता की प्रॉक्सीच्या नावाच्या जागी बनवलेला मजकूर टाकला की तुमच्या मशीनवर कोड चालायचा. नुसतं नाव! म्हणून माझ्या मते कॉन्फिग फाइल हा प्रोग्रामचा अर्धा भाग आहे आणि तीसुद्धा वाचायला हवी, यामल, म्हणजे साधा मजकूरच, तर असते, आणि अपडेट झाली की काय बदललं तेही बघायचं.

वाचताना सगळ्यात जास्त वेळ डीएनएसवर घालवा. का ते सांगतो. ब्राउझर आणि क्लायंट ज्या सॉक्स५ प्रोटोकॉलने बोलतात तो मार्च १९९६ चा, आरएफसी १९२८ या दस्तऐवजातला. ब्राउझर १२७.०.०.१ वर, म्हणजे तुमच्याच मशीनवर, ऐकत बसलेल्या क्लायंटला विनंती पाठवतो, पहिला बाइट ५ म्हणजे व्हर्जन, दुसरा १ म्हणजे कनेक्ट कर, तिसरा रिकामा, आणि चौथा बाइट पत्त्याचा प्रकार. तिथे ३ असेल तर पुढे डोमेनचं नाव येतं आणि ते नाव लांबच्या सर्व्हरवर शोधता येतं. तिथे १ असेल तर थेट आयपीव्ही४ पत्ता येतो, म्हणजे नावाचा आयपी तुमच्या मशीननेच आधी शोधलाय, आणि तेही बहुतेक वेळा इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या डीएनएसला उघडपणे विचारून. पेज उघडतं, आयपी दाखवणाऱ्या साइटवर सर्व्हरचाच आयपी दिसतो, सगळं नीट वाटतं, पण तुम्ही कुठे गेलात ते नाव बाहेर पडलेलं असतं. कर्ल हा टर्मिनलमधला डाउनलोडचा प्रोग्राम वापरत असाल तर प्रॉक्सीच्या पत्त्यात सॉक्स५ लिहिलं की नाव तुमच्याकडे शोधलं जातं आणि सॉक्स५एच लिहिलं की प्रॉक्सीकडे, एका अक्षराचा फरक. क्लायंटचा लॉग उघडून बघा, डोमेन दिसतायत की नुसते आयपी, लगेच कळतं.

अजून एक जागा आहे जी चटकन लक्षात येत नाही. नियमांमध्ये आयपीवर आधारलेला नियम डोमेनच्या नियमांच्या वर असेल, समजा जिओआयपीचा, म्हणजे आयपी कुठल्या देशाचा ते बघणारा, तर तो जुळतोय का हे बघायला क्लायंट आधी त्या डोमेनचा आयपी शोधतो, आणि तो शोध कॉन्फिगमध्ये जो डीएनएस लिहिलाय तिकडे जातो. नियमाच्या शेवटी नो-रिझॉल्व्ह लिहिलं की हा शोध टळतो. टन मोड, म्हणजे मशीनवरचा सगळा ट्रॅफिक क्लायंटमधून नेणारा प्रकार, वापरणाऱ्यांसाठी फेक-आयपी हा प्रकार मला फार आवडतो, ॲपने नाव विचारलं की क्लायंट १९८.१८ ने सुरू होणारा एक खोटा पत्ता हातात देतो आणि कुठल्या नावाला कुठला पत्ता दिला ते स्वतःकडे लिहून ठेवतो, मग त्या पत्त्यावर कनेक्शन आलं की खरं नाव सर्व्हरकडे. पण वर म्हटला तसा जिओआयपीचा नियम आडवा आला तर तिथेही शोध होतोच.

टन मोड लावायचं दुसरं कारण म्हणजे सिस्टम प्रॉक्सी सगळेच प्रोग्राम मानत नाहीत, टर्मिनलमधले कितीतरी सरळ दुर्लक्ष करतात. ब्राउझरमधल्या ऑडिओ-व्हिडिओ कॉलसाठीचं वेबआरटीसी यूडीपी या वेगळ्या प्रोटोकॉलवर चालतं, एचटीटीपी प्रॉक्सीतून ते जात नाही आणि बाजूने निसटू शकतं. आणि क्लायंटच्या बोगद्यात फक्त आयपीव्ही४ असेल आणि तुमच्या नेटवर्कवर आयपीव्ही६ चालू असेल तर तो ट्रॅफिक थेट बाहेर जाईल, हे तर आवर्जून तपासा.

सर्व्हर कुणाचा हा प्रश्न कुठलाही क्लायंट सोडवत नाही. एचटीटीपीएसमुळे मजकूर सर्व्हरवाल्याला वाचता येत नाही, पण तुम्ही कुठून आलात आणि कुठे गेलात हे त्याच्यासमोर उघडं असतं. स्वतः सर्व्हर चालवणं जमत असेल तर चालवा, शॅडोसॉक्स या प्रॉक्सी प्रोटोकॉलवर बेतलेलं आउटलाइन त्यासाठी बरंच सोपं आहे.

आणि कॉन्फिग उघडलीच आहे तर दोन ओळी शोधा. अलाऊ-लॅन ट्रू असेल आणि गरज नसेल तर फॉल्स करा, नाहीतर त्याच वायफायवरचं कुणीही तुमची प्रॉक्सी वापरू शकतं. एक्स्टर्नल-कंट्रोलरपुढे ०.०.०.० (म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांना उघडं) दिसलं तर १२७.०.०.१ करा आणि सीक्रेट, म्हणजे पासवर्ड, भरा, कारण त्या पोर्टवरून नियमांपासून कनेक्शनपर्यंत सगळं बघता येतं आणि बदलताही येतं. सबस्क्रिप्शन अपडेट झाल्यावर या दोन्ही ओळी परत एकदा बघा.